स्लेज ओढणाऱ्यांची शंभर वर्षं

मार्च 2025मध्ये अलास्कातली इडिटारॉड ही कुत्र्यांच्या स्लेजची सर्वांत नावाजलेली शर्यत नेहमीच्या वाटेने निघू शकली नाही. अलास्का पर्वतरांग ओलांडणाऱ्या त्या वाटेवर स्लेज घसरेल एवढा बर्फच नव्हता. शेवटी शर्यतीची सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला हलवावी लागली. 2003, 2015 आणि 2017 या वर्षांनंतरची ही चौथी वेळ. नोम गावाला कुत्र्यांच्या पथकांनी घटसर्पावरचं औषध पोहोचवलं, त्या घटनेला त्याच वर्षी शंभर वर्षं पूर्ण झाली होती. या शतकात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्याच्या हातून टपाल, शिकार, मालवाहतूक अशी एकेक कामं गेली. आज डोंगराळ मुलखांत त्याच्याकडे मुख्यतः एकच काम उरलं आहे, हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना बर्फावरून फिरवून आणण्याचं. हा बदल कसा झाला, त्यात कुत्र्याला काय मिळालं आणि काय सोसावं लागलं, हे पाहायला हवं. कारण त्या पाहुण्यांमध्ये आता मराठी माणसंही आहेत.

माणूस आणि स्लेजचा कुत्रा यांची सोबत फार जुनी आहे. सैबेरियाच्या उत्तरेकडच्या झोखोव्ह बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे कुत्र्यांचे आणि स्लेजचे अवशेष सापडले आहेत. चुकची, इन्युइट आणि अलास्कातल्या मूळ रहिवाशांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. क्लोंडाइक आणि नोमला सोनं सापडल्यावर, 1896 नंतरच्या काही वर्षांत, बाहेरून आलेल्या हजारो माणसांना हिवाळ्यातला उत्तर मुलूख या कुत्र्यांमुळेच वावरण्याजोगा झाला.

पर्वतातली कामगिरीही मोठी. 7 जून 1913 रोजी उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच देनाली शिखरावर पहिल्यांदा माणूस पोहोचला. सर्वांत आधी पाऊल ठेवलं ते वॉल्टर हार्पर या अलास्काच्या भूमिपुत्राने. त्या मोहिमेचं सामान मल्ड्रो हिमनदीवरून वर ओढून नेलं होतं कुत्र्यांनी. त्याच मोहिमेतले हॅरी कार्स्टन्स 1921मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे पहिले अधीक्षक झाले आणि चोरट्या शिकारीला आळा घालण्यासाठी गस्तीला त्यांनी कुत्रेच आणले. 1922मध्ये सुरू झालेली ती श्वानशाळा आजही चालू आहे.

जानेवारी 1925मध्ये नोमला घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेलं, विमानं त्या थंडीत भरवशाची नाहीत. औषध रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि पुढचे सुमारे 1,085 किलोमीटर वीस स्लेजचालक आणि दीडशेच्या आसपास कुत्रे यांनी आळीपाळीने कापले. साडेपाच दिवसांच्या आत, 2 फेब्रुवारीला, औषध गावात पोहोचलं. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो हा कुत्रा जगप्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. त्या वाटेचा सर्वांत लांब आणि जोखमीचा टप्पा मात्र लिओनहार्ड सेपला या स्लेजचालकाचा होता. नॉर्टन साउंडच्या गोठलेल्या समुद्रावरून त्यांच्या पथकाला पुढे नेणारा टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. कुत्र्याच्या आयुष्यात हे म्हातारपणच.

या घटनेने स्लेजचा कुत्रा साऱ्या अमेरिकेच्या डोळ्यांत भरला. सेपला आपले कुत्रे घेऊन देशभर फिरले आणि मेन राज्यातल्या पोलंड स्प्रिंग या हवा खाण्याच्या ठिकाणी त्यांनी श्वानशाळा काढली. 1930मध्ये सैबेरियन हस्कीला जात म्हणून अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली. 1932च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लेज शर्यतीचं प्रदर्शनही झालं. उत्तरेतल्या गरजेचं वाहन दक्षिणेतल्या लोकांच्या हौसेचा विषय होऊ लागलं ते याच काळात.

गरज संपायलाही फार वेळ लागला नाही. आधी विमानाने टपाल उचललं. मग साठच्या दशकात स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरगाडी गावोगाव पोहोचली. काम नसताना तिला खाऊ घालावं लागत नाही, म्हणून घराघरातून कुत्र्यांची पथकं दिसेनाशी झाली. सेंट लॉरेन्स बेटावरचा अलास्कातला शेवटचा श्वानटपाल मार्ग 1963मध्ये बंद झाला. ही विद्या डोळ्यांदेखत मरते आहे हे ओळखून जो रेडिंग्टन या स्लेजचालकाने इडिटारॉड शर्यतीचा ध्यास घेतला. 1967मध्ये छोट्या स्वरूपात आणि 1973मध्ये अँकरेज ते नोम अशी पूर्ण लांबीची शर्यत झाली. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले होते. आता विजेते साधारण नऊ-दहा दिवसांत पोहोचतात. 1979मध्ये रेडिंग्टन आणि स्लेजचालक सुझन बुचर यांनी कुत्र्यांचं पथक थेट देनालीच्या शिखरावर नेलं. 1985मध्ये लिबी रिडल्स इडिटारॉड जिंकणारी पहिली स्त्री ठरली आणि त्यानंतर बुचर चार वेळा जिंकल्या. युरोपातही हे वारं पोहोचलं. 1988पासून आल्प्समध्ये आल्पिरॉड ही टप्प्याटप्प्यांची शर्यत काही वर्षं चालली आणि 2005पासून फ्रान्सच्या साव्हुआ भागात ला ग्रांद ओदिसे भरू लागली.

शर्यतींनी नाव दिलं, पण पोट भरेना. चाळीस-पन्नास कुत्र्यांच्या शाळेला बाराही महिने मांस, चरबी, औषधपाणी, पायमोजे आणि माणसं लागतात. बक्षिसं मिळतात मोजक्यांना. त्यामुळे चालकांनी पाहुण्यांना स्लेजवर बसवायला सुरुवात केली. अलास्का, कॅनडाच्या रॉकी पर्वतातलं कॅनमोर, आल्प्स, नॉर्वेतलं ट्रॉम्सो, फिनलंडचा लॅपलँड इथे हिवाळी सहलींमध्ये अर्ध्या तासापासून आठवड्याभरापर्यंतच्या फेऱ्या ठरून गेल्या. अलास्कातल्या जुनोजवळच्या हिमनद्यांवर तर उन्हाळ्यातही हेलिकॉप्टरने पाहुणे नेऊन स्लेज चालवली जाते. शर्यतीच्या कुत्र्यांचा सराव होतो आणि वर्षाचा खर्चही निघतो. माझं स्पष्ट मत आहे की पाहुण्यांचा हा पैसा आला नसता, तर ही विद्या संग्रहालयात जाऊन बसली असती.

या फेरीत काय घडतं, हे समजून घेतलं तर तिचं मोल कळतं. लांब मुख्य दोराला कुत्रे जोडीजोडीने बांधतात. सर्वांत पुढे असतात वाट ओळखणारे आणि हुकूम ऐकणारे म्होरके, सर्वांत मागे स्लेजचा भार पेलणारे दणकट गडी. चालक मागच्या पट्ट्यांवर उभा राहतो. त्याच्या हाती लगाम नसतो. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, एवढ्या शब्दांवर सारं चालतं. निघण्याआधी कुत्रे इतके भुंकतात आणि दोराला असे हिसके देतात, की स्लेज बर्फात रोवलेल्या आकड्याने अडवून धरावी लागते. आकडा निघाला की भुंकणं थांबतं आणि सगळे एका लयीत धावू लागतात. ज्याने हे पाहिलं आहे, तो या कुत्र्यांना धावणं आवडत नाही असं म्हणणार नाही. त्यांना सोसत नाही ती ऊब. शून्याखाली दहा-वीस अंश त्यांना मानवतात. पारा शून्याजवळ आला की शहाणा चालक फेरी आखडती घेतो.

पण धावण्याची आवड म्हणजे साऱ्या जगण्याचं सुख नव्हे. याचा सर्वांत कटू दाखला ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिस्लरजवळ मिळाला. फेब्रुवारी 2010मध्ये तिथे हिवाळी ऑलिंपिक झालं. त्यानंतर मागणी घटली आणि एप्रिलमध्ये पर्यटनासाठी पाळलेले अनेक कुत्रे मारून पुरण्यात आले. जानेवारी 2011मध्ये ही गोष्ट उघडकीला आली. तपासात पन्नासहून अधिक कुत्र्यांचे अवशेष उकरून काढले गेले आणि जग हादरलं. संताप एवढा होता, की त्या प्रांताच्या सरकारने 2012मध्ये स्लेजच्या कुत्र्यांसाठी वेगळी आचारसंहिता आणली. अलास्कात ‘मश विथ प्राइड’ ही चालकांची संघटना 1991पासूनच चांगल्या देखभालीचे नियम सांगत होती. व्हिस्लरनंतर त्या नियमांकडे साऱ्यांना गांभीर्याने पाहावं लागलं.

मूळ दुखणं हंगामाचं आहे. पाहुणे येतात तीन-चार महिने, कुत्रा जगतो बारा महिने आणि बारा-चौदा वर्षं. 2020मध्ये करोनामुळे अलास्कात क्रूझचा हंगामच झाला नाही. क्रूझच्या पाहुण्यांवर चालणारं हिमनद्यांवरचं उत्पन्न गेलं, पण कुत्र्यांची भूक होती तेवढीच राहिली. त्यात आता हिवाळा आक्रसतो आहे. बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो आणि मधेच पाऊस येऊन वाट बर्फाच्या लादीसारखी कडक होते. कमाईचे आठवडे कमी होतात तेव्हा काटकसर कुठे होणार, हाच खरा प्रश्न आहे.

यावर देनालीच्या श्वानशाळेने दाखवलेली वाट मला सर्वांत पटते. तिथे कुत्रे आजही खरं काम करतात. उद्यानाच्या ज्या रानात यंत्रांना मज्जाव आहे, तिथे हिवाळ्यात त्यांचीच गस्त असते. उन्हाळ्यात पाहुणे त्यांना भेटतात, त्यांचं काम पाहतात. साधारण नऊ वर्षांचा झाला की कुत्रा निवृत्त होतो आणि त्याला फिरवणारं, पळवणारं घर शोधून दिलं जातं. म्हणजे कुत्रा शाळेत येतो तेव्हाच त्याच्या म्हातारपणाचीही सोय विचारात घेतलेली असते.

हा विचार आपल्याला परका नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करणाऱ्या समाजाला राबणाऱ्या जनावराचं देणं काय असतं हे शिकवावं लागत नाही. बैलगाडा शर्यतींवर आपण वर्षानुवर्षं वाद घातला. मे 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला, तोही जनावराला यातना होऊ नयेत यासाठीच्या नियमांसह. तोच निकष घेऊन आपण लॅपलँडला किंवा अलास्काला जायला हवं.

स्लेजच्या सहलींवर सरसकट बहिष्कार टाकावा, असं मी म्हणणार नाही. तसं झालं तर सर्वांत आधी चांगल्या श्वानशाळा बंद पडतील. पण मुंबई-पुण्याहून नॉर्दर्न लाइट्सच्या सहलीत हस्कीची फेरी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. उन्हाळ्यात हे कुत्रे कुठे असतात? दिवसातून किती वेळ साखळीबाहेर मोकळे असतात? म्हातारे झाल्यावर त्यांचं काय होतं? आणि ऊन तापलं तर फेरी रद्द करून पैसे परत मिळतात का? ज्या शाळेत यांची उत्तरं मोकळेपणाने मिळतात आणि म्हातारे कुत्रेही पाहायला मिळतात, तिथेच स्लेजवर बसा, मग ती थोडी महाग का असेना. उत्तर टाळलं गेलं, तर तिथून परत फिरा.