जनुकीय वाचनांचे जतन

मानवाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. सर्वसाधारण वाचनयंत्र त्या सलग वाचीत नाही. दीडशेएक अक्षरांचे असंख्य तुकडे वाचते आणि प्रत्येक अक्षराच्या विश्वासार्हतेचा अंकही नोंदविते. तेच स्थळ तीसेक वेळा वाचले, की नोंदींचा डोंगर उभा राहतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचण्यात आले. ती सामग्री फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवलेली असून २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली. अशा संग्रहासाठी योजिलेल्या ‘क्रॅम’ पद्धतीत प्रत्येक तुकडा प्रमाण जनुकसंचाशी ताडून त्याचे स्थान व केवळ भिन्न अक्षरे टिपली जातात. जागा पुष्कळ वाचते. परंतु तोच प्रमाण जनुकसंच हाताशी नसेल, तर मूळ वाचन पुन्हा उभे करता येत नाही. म्हणून त्याची प्रतही तितक्याच काळजीने जपावी लागते.