ई-मेलची सुरक्षितता आणि सोय

देणगीच्या पावत्या, कलम ८०-जीची प्रमाणपत्रे आणि रुग्णांचे तपासणी-अहवाल आज ई-मेलनेही पाठविले जातात. म्हणून रुग्णालयाचे ई-मेल खाते औषधभांडाराइतकेच कुलूपबंद असणे अगत्याचे आहे.

पूर्वी संगणकावरील ई-मेल सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड साठविला की काम भागत असे. मात्र तो चोराच्या हाती लागल्यास संपूर्ण पत्रव्यवहार उघडा पडे. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून, तर एक्स्चेंज ऑनलाइन सेवेसाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून ही पद्धत बंद करण्यास प्रारंभ केला. नव्या 'ओऑथ' पद्धतीत सॉफ्टवेअरला पासवर्डऐवजी केवळ मर्यादित परवाना मिळतो व तो केव्हाही रद्द करता येतो.

या सुरक्षिततेचे मोल द्यावे लागते. हाताला सवय झालेली, इंटरनेट खंडित असतानाही जुनी पत्रे दाखविणारी कित्येक सॉफ्टवेअर नवी पद्धत ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी गूगल सोळा अक्षरी 'ॲप पासवर्ड' देते; परंतु तो वापरताना दुसरी पडताळणी होत नाही, म्हणजे मागील दार किलकिले राहते. थंडरबर्डसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर मात्र नवी पद्धत स्वीकारते आणि पत्रे संगणकावरही जतन करते. सवय मोडावी लागली तरी असाच पर्याय आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

खाते कितीही सुरक्षित असले, तरी आमच्या नावाने भलत्याच पत्त्यावरून ई-मेल येऊ शकतो. बँक खाते बदलल्याचे कळविणारा ई-मेल आल्यास, रक्कम पाठविण्यापूर्वी जुन्या पावतीवरील दूरध्वनी क्रमांकावर खातरजमा करावी, ही नम्र विनंती.