अळूची अमेरिकन चुलतबहीण

आपल्या घरांतून फिरताना तीन कुंड्या हमखास दिसतात. खिडकीत तुळस, जेवणघराच्या कोपऱ्यात थंडी काढणारा कढीपत्ता, आणि बैठकीच्या खोलीत सोफ्याशेजारी लांबट हिरव्यागार पानांची, पांढऱ्या फुलांची पीस लिली. ती कुणाला वास्तुशांतीला भेट मिळालेली असते, कुणाला ऑफिसातून. कुणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला तेव्हा शेजाऱ्यांनी आणून दिलेली असते, आणि अशी कुंडी वाळू लागली की घरातल्या माणसांचा जीव कासावीस होतो. तुळस-कढीपत्त्याबद्दल भारतात फोन करून आईला विचारता येतं. पीस लिली तिनं पाहिलेली नसते.

थंडी सरत आली की मंडळाच्या कार्यक्रमात एक प्रश्न ठरलेला असतो, "रोज न चुकता पाणी घालतो, तरी ही मान का टाकते?" उत्तर प्रश्नातच आहे. ते नीट कळण्यासाठी आधी हिचं कूळ पाहू.

कूळ आणि मूळ

नावात लिली असली तरी ही लिली नव्हे. अळू, सुरण आणि पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात येणारी शेवळं, यांच्या कुळातली ही. मूळ घर अमेरिकेच्या उष्ण जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत. हिच्या एका प्रसिद्ध जातीला एकोणिसाव्या शतकात कोलंबियात हिंडलेल्या गुस्टाव्ह वॅलिस या जर्मन संग्राहकाचं नाव आहे. आपण ज्याला फूल म्हणतो ते पांढरं पान आहे. खरी फुलं मधल्या कणसासारख्या दांड्यावर, अगदी बारीक. शेवळं निवडताना आतला दांडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल.

म्हणजे आईला विचारण्यात अर्थ आहे. अळूबद्दल तिला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं इथं लागू पडतं. फक्त एक गोष्ट पडत नाही, आणि तिथंच आपण फसतो.

पाणी

कोकणात अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसतो. पाय कायम चिखलात, तरी तो मजेत. पीस लिलीला हा न्याय लावू नका. झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की प्राणवायू मुळांपर्यंत पोचत नाही, कारण हवेच्या मानानं पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मान टाकतं. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो!

म्हणून मान टाकलेली दिसली की आधी बोट मातीत एक पेरभर खुपसा. माती कोरडी असेल तर भरपूर पाणी घाला. काही तासांत पानं पुन्हा उभी राहतात. माती ओली असेल तर पाणी बंद. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाका. थंडीत झाडाची वाढ मंदावते, पाणीही कमी लागतं. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा बोटाचं ऐका.

कोणतं पाणी?

पानांची टोकं तपकिरी होण्याचं एक कारण कोरडी हवा. हीटिंगच्या झरोक्याजवळून कुंडी हलवा. दुसरं कारण मातीत साठणारे क्षार. नळाच्या पाण्यातला साधा क्लोरीन रात्रभर बादलीत ठेवल्यास बराचसा उडून जातो. पण अनेक शहरांत आता क्लोरामीन वापरतात, ते असं उडत नाही. फ्लोराइडही उडत नाही, आणि पाणी उकळल्यास उलट थोडं दाटच होतं. (दातांसाठी अमेरिकेत २०१५ पासून शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅम फ्लोराइडची आहे. माणसाला ते चालतं, या झाडाच्या पानांना कधीकधी सोसत नाही.) पावसाचं पाणी, किंवा अंगणातलं स्वच्छ बर्फ वितळवून घराच्या तापमानाला आणलेलं पाणी उत्तम. घरात पाणी मऊ करणारं यंत्र असेल तर ते पाणी मात्र घालू नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

मातीवर पांढरा थर दिसला की तो क्षारांचा. कुंडी सिंकमध्ये ठेवून सावकाश भरपूर पाणी सोडा, खालून वाहून जाऊ द्या, निथळू द्या. खत मार्च ते सप्टेंबर, दीड-दोन महिन्यांतून एकदा, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. चहाचा चोथा घालायची आपली सवय इथं आवरा. दूधसाखरेच्या चहाचा चोथा बंद घरातल्या कुंडीत बुरशी आणि चिलटं आणतो.

उजेड आणि ऊब

सावली आवडते म्हणजे अंधार आवडतो असं नव्हे. दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड हवा. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी चांगली, दुपारचं कडक ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड तग धरतं, पण फुलत नाही. तापमान ६५ ते ८० फॅरेनहाइट. थंडीच्या रात्री पानं खिडकीच्या काचेला टेकू देऊ नका. ५० च्या खाली हिला इजा होते.

"दुकानातून आणली तेव्हा फुलांनी भरलेली होती, मग एकही नाही," अशीही तक्रार असते. यात तुमचा दोष नाही. उत्पादक अनेकदा रोपांवर जिबरेलिक आम्ल फवारून त्यांना हव्या त्या वेळी फुलं आणतात. गंमत अशी की या संप्रेरकाचा माग भातावरच्या एका रोगातून लागला. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं की एका बुरशीच्या स्रावानं भाताची रोपं वेड्यासारखी उंच होतात. आपल्या घरी फवारणी नसते, म्हणून फुलं झाडाच्या सवडीनं येतात. उजेड वाढवा आणि धीर धरा.

हवा शुद्ध होते का?

१९८९ मध्ये नासाच्या एका अभ्यासात बंद पेटीत ठेवलेल्या झाडांनी काही विषारी वायू कमी केले, त्यात पीस लिलीही होती. तेव्हापासून "घराची हवा शुद्ध करणारं झाड" म्हणून ती खपते. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ च्या एका आढाव्यात हिशेब मांडला गेला. घरात सहज होणाऱ्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील! शुद्ध हवेसाठी खिडकी उघडा. झाड ठेवा ते डोळ्यांना बरं वाटतं म्हणून.

लहान मुलं आणि मांजरं

हे मात्र सर्वांनी वाचा. अळू खाजरा का असतो? त्यातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून फतफत्यात चिंच, आणि शेवळांत काकडं. तेच स्फटिक पीस लिलीत आहेत, आणि ही कशीही शिजवली तरी खायची नाही. रांगत्या मुलानं पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजते. बहुधा पहिल्याच घासाला मूल थुंकून टाकतं, म्हणून गंभीर प्रसंग क्वचित येतात. तोंडातले तुकडे काढा, तोंड पुसा, थंड पाणी किंवा दूध द्या, आणि अमेरिकेतल्या विषबाधा मदत केंद्राला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थेट ९११. उलटी मुद्दाम करवू नका. भारतातून आजीआजोबा नातवंडांना सांभाळायला आले असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा, आणि कुंडी उंचावर ठेवा. मांजराच्याही तोंडाची अशीच आग होते. मात्र खऱ्या लिलीनं मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, तो धोका हिच्यात नाही.

भारतात जाताना

चार-पाच आठवडे घर बंद राहणार असेल तर जुन्या सुती साडीची जाड वात वळा. एक टोक कुंडीच्या मातीत खोल, दुसरं शेजारच्या पाण्याच्या बादलीत तळापर्यंत. माती सुकेल तसं वात पाणी ओढते. निघण्यापूर्वी आठवडाभर करून पाहा. कुंडी खिडकीपासून थोडी दूर ठेवा, आणि थंडीत हीटिंग पूर्ण बंद करू नका.

एकीच्या चार

दोन-तीन वर्षांनी कुंडी मुळांनी भरते. वसंतात झाड बाहेर काढा, हातानं अलगद वेगळं करा. प्रत्येक भागाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं हवीत. बेताच्या कुंडीत, विकतच्या हलक्या मातीत लावा. अंगणातली चिकण माती नको.

म्हणून आमची एक सूचना आहे. संक्रांतीचं वाण म्हणून रोपं नेली तर गाडीपासून दारापर्यंतच्या थंडीतच ती गारठतील. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत हवा बरी झालेली असते, आणि झाड वेगळं करायचा मोसमही तोच. ज्यांच्याकडे कुंडी भरली आहे त्यांनी एक-दोन रोपं घेऊन यावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी घेऊन जावं, आणि मुळांना हवा कशी लागते हे समजून घेऊन जावं. आठवणीची एकच कुंडी एकाच घरात असली की जीव टांगणीला लागतो. तिचीच रोपं आणखी तीन घरांत वाढत असतील, तर एखादी गेली तरी पुढच्या चैत्रात तिचंच रोप मागून आणता येईल.