हप्त्यावर घेतलेली जुनी गाडी वारंवार बिघडते तेव्हा

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात गाडीवाचून धंदा होत नाही. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा, नारायणगाव अशी बाजाराची गावे, माल पुण्याहून किंवा भिवंडीहून यायचा आणि उधारी डोंगरापलीकडच्या वाड्यांतून वसूल करायची. नवी गाडी परवडत नाही, म्हणून जुनी घेतली जाते. रोख पैसा नसतो, म्हणून ती हप्त्यावर घेतली जाते. मग गाडी बिघडू लागते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातच राहतो. अशा वेळी काय करावे, याबद्दल बऱ्याच बंधूंनी विचारणा केली. आम्ही वकील नाही, कापडाचा धंदा करतो. पण हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे आणि त्यापायी कायद्याची थोडी माहितीही करून घ्यावी लागली. ती येथे देत आहोत.

आम्ही २०२२ साली पुण्याकडच्या एका विक्रेत्याकडून माल वाहण्याची जुनी बंद गाडी घेतली. पहिला महिना बरा गेला. त्यानंतर एकदा घोडेगावहून डिंभ्याकडे वसुलीला जाताना चढाला इंजिन तापले आणि गाडी उभी राहिली. मिस्त्रीने पाण्याचा पाइप बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार, तेव्हा थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्या वेळी रेडिएटर काढून साफ केला. चौथ्या वेळी मिस्त्रीने हेड खोलले आणि आम्हाला बोलावून दाखवले, की गॅस्केट जळालेले आहे आणि हेडला पूर्वी एकदा फेसिंग केलेले आहे. म्हणजे हे इंजिन आमच्या आधीच्या मालकाकडेच तापून खोलले गेले होते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गाडी तापते म्हटले की आपण पाणी ओततो आणि पुढे जातो. पण थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, किंवा इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. ही तपासणी घेण्याआधी पाच मिनिटांत होते. आम्ही ती केली नाही. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो, खांदा पाहतो. आम्ही मात्र रंग आणि टायर पाहिले. कापडाच्या थानाचा ऐब उजेडात धरून शोधणारे आम्ही, गाडीच्या बाबतीत फसलो.

त्यानंतर आम्ही जी चूक केली ती त्याहून मोठी होती. रागाच्या भरात आम्ही दोन हप्ते बंद केले. आमचे म्हणणे असे, की गाडीच चालत नाही तर हप्ता कशाचा? हा विचार माणसाला न्यायाचा वाटतो, पण कायद्याने तो टिकत नाही. विक्री हा एक करार आहे आणि कर्ज हा दुसरा. विक्रेत्याने गाडी दिली, फायनान्सवाल्याने पैसा दिला. गाडी खराब निघाली तरी घेतलेला पैसा फेडायचाच असतो. दोन हप्ते चुकल्याचा परिणाम असा झाला, की चेक परतीचा आकार लागला, दंड लागला आणि कर्जाच्या नोंदीवर डाग पडला. पुढच्या वर्षी रमजानच्या मालभरणीसाठी आम्ही बँकेकडे कॅश क्रेडिट वाढवून मागितले, तेव्हा साहेबांनी प्रथम हीच नोंद पुढे ठेवली. गाडीच्या दुरुस्तीत गेले त्याहून जास्त नुकसान आम्हाला त्या हंगामात माल कमी भरल्याने झाले.

गाडी फायनान्सवाल्याच्या दारात उभी करून चावी देऊन यावी, असा सल्लाही काही जण देतात. त्यानेही कर्ज मिटत नाही. गाडी लिलावात जाते, मिळेल ती रक्कम खात्यात जमा होते आणि उरलेली बाकी आपल्याकडेच मागितली जाते. मात्र हप्ता थकला म्हणून गुंड पाठवून रस्त्यात गाडी ओढून नेणे हेही बेकायदा आहे. अशा जबरदस्तीने वसुली करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात स्पष्ट बजावले आहे. फायनान्सवाल्याच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर आधी त्याच्याकडेच लेखी द्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही.

हप्त्याचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. समजा तीन लाखांचे कर्ज आहे, चार वर्षांची मुदत आहे आणि दर 'नऊ टक्के फ्लॅट' सांगितला आहे. व्याज १,०८,००० रुपये, महिन्याचा हप्ता ८,५०० रुपये. ऐकायला नऊ टक्के, पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण तीन लाखांवर धरलेले असल्यामुळे खरा दर सुमारे सोळा टक्के पडतो. वर्षभरात आपण १,०२,००० रुपये भरतो, तरी मुद्दलाची बाकी सुमारे २,४२,००० रुपये राहते. म्हणून वर्षभराने वैतागून गाडी विकायला काढली तर येणाऱ्या किमतीत कर्ज फिटतेच असे नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून दिलेल्या नव्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने एक पत्रक सक्तीचे केले आहे. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. त्यात सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले, इंग्रजी कराराच्या वीस पानांवर आम्ही फुलीच्या खुणा पाहून सह्या केल्या. आता ते पत्रक मराठीत मागून घ्यावे, तो आपला हक्क आहे.

आता गाडीच्या ऐबाबद्दल कोणाला धरायचे? इंग्लंडमध्ये हायर पर्चेसवर गाडी घेतली तर फायनान्स कंपनी हीच कायद्याने विक्रेती असते. तेथील २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे सदोष गाडी पहिल्या तीस दिवसांत परत करता येते. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते, ती फसली तर गाडी नाकारता येते. आपल्याकडे मात्र फायनान्सवाला सहसा फक्त कर्ज देतो, त्यामुळे ऐबाचा जाब विक्रेत्यालाच विचारावा लागतो. आपल्या फिकहमध्येही 'खियार-ए-ऐब' म्हणजे लपलेला ऐब निघाल्यास खरेदीदाराला माल परत करण्याचा अधिकार आहे. मुराबहाच्या पद्धतीत देणारा आधी वस्तू स्वतः विकत घेऊन मग आपल्याला विकतो, म्हणून तेथे ती जबाबदारी त्याच्यावर येते. साध्या व्याजी कर्जात ती येत नाही, हा फरक व्यवहारात फार मोठा आहे.

देशाचा कायदा मात्र चूप बसणाऱ्या विक्रेत्याला थोडी सवलत देतो. १८७२ च्या करार कायद्यातील १७ व्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे दिलेली आहेत, ती प्रत्येक व्यापाऱ्याने माहीत करून घ्यावी अशी आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्याचा दोष ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, की 'तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निरोगी आहे असे मी धरतो', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. दीडशे वर्षांपूर्वीच्या घोड्याचा हा नियम आजच्या गाडीलाही लागतो. म्हणून विचारा, आणि लेखी विचारा: इंजिन कधी खोलले आहे का, गाडी अपघातात किंवा पुरात सापडली आहे का, किलोमीटर खरे आहेत का. आम्ही सौद्याआधी व्हॉट्सअॅपवर सहज विचारले होते, 'इंजिन खोललेले नाही ना?' त्यावर 'नाही, कंपनी फिटिंग आहे' असे उत्तर आले होते. पुढे आमचे सारे प्रकरण याच एका ओळीवर उभे राहिले.

दुसरा आधार दुरुस्तीच्या कागदांचा. पहिल्या तीन वेळा आम्ही मिस्त्रीला रोख पैसे दिले आणि कागद घेतला नाही. चौथ्या वेळी तारीख, किलोमीटर, तक्रार आणि काय आढळले हे त्याच्याकडून लिहून सही-शिक्का घेतला, जळालेले गॅस्केट जपून ठेवले आणि हेडचे फोटो काढले. दुरुस्तीपूर्वी विक्रेत्याला कळवून 'येऊन पाहा' असे म्हणणेही जरूरीचे आहे, नाहीतर तुमच्याच मिस्त्रीने बिघडवले, असे तो म्हणतो. विम्याकडून मात्र आशा धरू नये. गाडीचा विमा अपघाताचा असतो, यंत्राच्या आपोआप बिघाडाचा नसतो.

बिल कोणाच्या नावाचे आहे हेही पाहावे. पुष्कळ विक्रेते 'आम्ही फक्त मधले आहोत' म्हणून हात झटकतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९-सी ने होते. हा फॉर्म असेल तर तो मधला राहत नाही, तोच मालक धरला जातो. गाडी ओळखीतल्या साध्या माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा बंद असतो. मग जुन्नर किंवा घोडेगावच्या दिवाणी न्यायालयात करार कायद्याच्या आधाराने जावे लागते.

विक्रेता धंदेवाईक असेल तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तेथे तक्रार करता येते, मग विक्रेता मुंबईचा असो की नाशिकचा. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि अर्ज ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या देता येतो. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण आपल्यासारख्यांना येथे एक अडचण येते. गाडी धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे विक्रेत्याचा वकील म्हणतो. या प्रश्नाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात लागला. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने कोइमतूरच्या पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून सुमारे २१ लाखांचे यंत्र घेतले, त्यात दोष निघाले. महाराष्ट्र राज्य आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे यंत्र व्यापारी हेतूचे ठरवले. म्हणजे तो कारखानदार हरला. पण त्याच निकालात न्यायालयाने आपल्या उपयोगाचे लिहून ठेवले आहे: पोटासाठी स्वतः चालवायला रिक्षा, ट्रक किंवा लेथ घेणारा हा ग्राहकच आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही. २०१९ च्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे. तेव्हा दुकानदार, शिंपी, वेल्डर, फॅब्रिकेशनवाले यांनी तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे, की ही गाडी मी स्वतः वापरतो आणि तिच्यावर माझ्या घराची रोजी चालते. चार-पाच गाड्या पगारी ड्रायव्हर ठेवून फिरवणाऱ्याला ही सवलत मिळणे कठीण आहे.

आमचे प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. आधी राहिलेले दोन हप्ते दंडासह भरले, मग वकिलाकडून नोटीस पोचपावतीसह पाठवली. सोबत तो व्हॉट्सअॅपचा निरोप, मिस्त्रीचा कागद आणि फोटो जोडले. पंधरा दिवस उत्तर नाही. त्यानंतर विक्रेत्याचा माणूस नारायणगावला आला, हेड पाहिले, चहा घेतला आणि बराच वेळ 'भाईजान, समजून घ्या' चालले. शेवटी इंजिनाच्या कामाचा पूर्ण खर्च त्याने दिला. आधीच्या तीन दुरुस्त्यांचे पैसे मिळाले नाहीत, कारण आमच्याकडे पावत्या नव्हत्या. तडजोड दोघांच्या सहीने कागदावर घेतली.

गाडी आजही आमच्याकडे आहे. कर्ज मुदतीआधी फेडले, तेव्हा फायनान्सवाल्याकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतला आणि पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत बोजाची नोंद कमी करून घेतली. कर्ज फिटले तरी ही नोंद आपोआप जात नाही. ती आरसीवर राहिली तर गाडी विकताना गिऱ्हाईक परत जाते.