व्याकरणसिद्धांत, आधुनिक

भाषेतील वाक्ये कशी घडतात आणि त्यांचा अर्थाशी संबंध कसा जुळतो, यांविषयी विसाव्या शतकात मांडल्या गेलेल्या उपपत्तींना ‘आधुनिक व्याकरणसिद्धांत’ असे म्हणतात. शालेय व्याकरणांचा भर शुद्धाशुद्धतेच्या नियमांवर असतो. या सिद्धांतांचा रोख भाषकांच्या प्रत्यक्ष बोलण्यामागील व्यवस्था शोधण्याकडे आहे. त्यांपैकी अनेक सिद्धांत प्रामुख्याने इंग्रजीच्या अभ्यासातून वाढले. चेक भाषेच्या अभ्यासातून प्रागमध्ये विकसित झालेली परंपरा मात्र वेगळी आहे. मराठीप्रमाणे चेक भाषेतही नामांना विभक्ती आहेत, शब्दक्रम लवचिक आहे व इंग्रजीसारखे निश्चित उपपद नाही. म्हणून मराठीच्या वर्णनाच्या दृष्टीने ही परंपरा विशेष उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी : विल्यम कॅरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण श्रीरामपूर (बंगाल) येथे १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांचे व्याकरण १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळातील व्याकरणकारांसमोर संस्कृत व इंग्रजी व्याकरणांच्या तयार चौकटी होत्या. त्या मराठीला पूर्णपणे लागू पडत नाहीत, हे प्रयोगविचारात प्रकर्षाने जाणवते. ‘रघूने आंबा आणला’, ‘रघूने कैरी आणली’ या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘रघूने मुलाला उठवले’ यात ते कर्ता व कर्म या दोहोंपासून अलिप्त राहते. तर ‘तू कैरी आणलीस’ यातील ‘ली’ कर्माशी आणि ‘स’ कर्त्याशी जुळते. क्रियापद कर्त्याशी जुळते, हा इंग्रजी व्याकरणातील नियम येथे अपुरा पडतो. अरविंद मंगरूळकर यांनी मराठी व्याकरणाचा पुनर्विचार (१९६४) या ग्रंथात मराठी व्याकरणाच्या रूढ मांडणीची नव्याने चिकित्सा केली.

प्रमुख संप्रदाय : फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) यांनी भाषा ही परस्परसंबंधांनी बांधलेली व्यवस्था होय, असा विचार मांडला व त्यातून संरचनावाद उदयास आला. अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्ड (१८८७–१९४९) आणि त्यांच्या अनुयायांनी वाक्याचे क्रमाक्रमाने लहान घटकांत विभाजन करण्याची पद्धती रूढ केली. नोम चॉम्स्की (जन्म १९२८) यांनी १९५७ पासून निर्मितिक्षम व्याकरणाची मांडणी केली. मर्यादित नियमांतून अमर्याद वाक्ये निर्माण करण्याची भाषकाच्या मनातील क्षमता हा त्यांच्या सिद्धांताचा विषय होय. फ्रेंच अभ्यासक ल्यूस्यँ तेन्येर (१८९३–१९५४) यांच्या मते मात्र क्रियापद हे वाक्याचे केंद्र असून इतर पदे त्यावर अवलंबून असतात. या अवलंबन-व्याकरणाचे पाणिनीय कारकविचाराशी असलेले साम्य लक्षणीय आहे. कारकविचारातही क्रिया मध्यवर्ती असून कर्ता, कर्म, करण इ. कारके तिच्याशी असलेल्या संबंधावरून ओळखली जातात.

प्राग संप्रदाय व चेक भाषा : चेक भाषाभ्यासक व्हिलेम माथेसियुस (१८८२–१९४५) यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये प्राग येथे भाषावैज्ञानिकांचे मंडळ स्थापन झाले. रोमान याकोब्सन (१८९६–१९८२) व निकोलाय त्रुबेत्स्कोय (१८९०–१९३८) हे रशियन अभ्यासकही त्यात होते. भाषेतील प्रत्येक घटकाचे कार्य कोणते, हा या मंडळाचा मुख्य प्रश्न होता. ‘पेत्र कोउपिल क्निहू’ आणि ‘क्निहू कोउपिल पेत्र’ या दोन्ही चेक वाक्यांचा व्याकरणिक अर्थ ‘पेत्रने पुस्तक विकत घेतले’ असाच आहे. ‘क्निहा’ (पुस्तक) या नामाचे ‘क्निहू’ हे रूप कर्म दाखवीत असल्याने क्रम बदलूनही घोटाळा होत नाही. मग क्रम कशासाठी बदलतो? माथेसियुस यांचे उत्तर असे, की बोलणारा सामान्यतः ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करतो व नवे सांगणे शेवटी ठेवतो. पहिले वाक्य ‘पेत्रने काय घेतले?’ या प्रश्नाचे, तर दुसरे ‘पुस्तक कोणी घेतले?’ या प्रश्नाचे उत्तर आहे. ब्रनो येथील यान फिर्बास (१९२१–२०००) यांनी या विचाराचा विस्तार केला. पेत्र स्गाल (१९२६–२०१९) यांनी अवलंबन-व्याकरण व वाक्याची ही ज्ञात-नव विभागणी यांना एकाच औपचारिक चौकटीत बसविले.

मराठीच्या संदर्भात : पुण्याच्या मंडईसंबंधीची दोन साधी वाक्ये येथे उदाहरण म्हणून घेता येतील. ‘भाजी मंडईत मिळते’ व ‘मंडईत भाजी मिळते’. रूढ पदपरिचयात ही वाक्ये एकच ठरतात. दोहोंत ‘भाजी’ कर्ता व ‘मंडईत’ सप्तमी. परंतु पहिले वाक्य ‘भाजी कोठे मिळते?’ याचे, तर दुसरे ‘मंडईत काय मिळते?’ याचे उत्तर आहे. तसेच ‘आंबे मंडईत आले’ यातील आंबे बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले असतात. ‘मंडईत आंबे आले’ यात त्यांची वार्ता प्रथमच कळते. इंग्रजीत हा भेद उपपदाने दाखविता येतो. चेक व मराठी या भाषांत तो बऱ्याच अंशी शब्दक्रमावर सोपविलेला असतो.

तथापि प्राग येथील नियम मराठीस जसाच्या तसा लावता येत नाही. चेक भाषेत नवा अंश सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येतो. मराठीत ते स्थान क्रियापदाचे असल्यामुळे नवा अंश क्रियापदाच्या लगत आधी येतो. बोलण्यात क्रियापदानंतर येणारी पदे (‘आणले आंबे रघूने’) बहुधा ज्ञात किंवा मागाहून आठवलेली असतात. आघाताने हा क्रम झाकूनही टाकता येतो. ‘उद्देश्य’ व ‘विधेय’ या संज्ञाही येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. मीमांसाशास्त्रात त्यांचा अर्थ अनुक्रमे ‘आधीच ज्ञात असलेले’ व ‘नव्याने सांगावयाचे’ असा आहे. शालेय मराठी व्याकरणात मात्र त्या कर्ता व क्रियापद यांच्या विभागांना लावल्या गेल्या आणि हा उपयुक्त भेद मागे पडला.

पुण्यातील अभ्यास व सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात डेक्कन कॉलेजात भरलेल्या भाषाविज्ञानाच्या अभ्याससत्रांतून आधुनिक पद्धतींचा भारतात प्रसार झाला. अशोक केळकर (१९२९–२०१४) यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेला प्रबंध मराठीची स्वनव्यवस्था व रूपव्यवस्था यांवर होता. पुढे त्यांनी डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केले. राजेश्वरी पंढरीपांडे (१९९७) आणि रमेश धोंगडे व काशी वाली (२००९) यांच्या वर्णनात्मक व्याकरणांत वाक्यविचाराला मोठे स्थान मिळाले. मात्र हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत.

प्राग परंपरेचे आजचे ठळक फळ म्हणजे विश्लेषित वाक्यांचे संग्रह. चेक भाषेच्या अशा संग्रहाच्या २००६ च्या आवृत्तीत सु. १५ लाख शब्दांचे वाक्यविश्लेषण आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा मराठीचाही एक संग्रह २०१७ मध्ये पुढे आला. त्यात पाचशेहून कमी वाक्ये आहेत. यंत्राद्वारे भाषांतर, वाक्यांची तपासणी यांसारख्या कामांत अशा संग्रहांचा मोठा उपयोग होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दादोबांपासून चालत आलेला मराठीच्या स्वतंत्र चौकटीचा प्रश्न अशा प्रत्यक्ष वाक्यांच्या विपुल आधाराशिवाय सुटणारा नाही. मराठीपुरते हे काम बरेचसे शिल्लक आहे.