वेसाव्याची डोल, उधाण आणि वलांडी

मासेमारी म्हटली की सामान्यतः जाळे व होडी ही दोनच साधने डोळ्यांपुढे येतात. परंतु मासळी टिकविण्याची सोय नसेल, तर मोठ्या आवकेचाही लाभ गावास पुरता होत नाही. रोमन साम्राज्यातील बेलो क्लाउडिया या दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरील नगरात मासळी खारविण्याच्या टाक्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. मुंबईच्या उपनगरात, अंधेरीच्या पश्चिमेस असलेल्या वेसावे अर्थात वर्सोवा येथील कोळ्यांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. त्या रीतीची साक्ष त्यांच्या व्यवसायातील शब्द देतात.

‘डोल’ म्हणजे मागे निमुळते होत जाणारे, लांब पिशवीसारखे जाळे. ‘डोलकर’ या शब्दाचा संबंध डुलण्याशी जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो. वस्तुतः डोल लावणारा तो डोलकर. हे जाळे ओढीत नेत नाहीत. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना अथवा नांगरांना बांधून त्याचे तोंड प्रवाहासमोर उघडे ठेवतात. पाण्याच्या ओघाबरोबर मासळी आत शिरते आणि ‘खोला’ या शेवटच्या, बारीक विणीच्या भागात साठते. प्रवाह उलटण्यापूर्वी जाळे उचलावे लागते.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर वाढते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास ते अंतर घटते, तो ‘भांग’. केसांच्या भांगाशी परिचित असलेल्या वाचकास हा अर्थ नवा वाटेल. डोलीची सारी भिस्त प्रवाहावर असल्यामुळे उधाणात मासळी अधिक मिळते व भांगात धंदा मंदावतो. कोळ्यांना तिथी पाहावी लागते, ती केवळ सणांसाठी नव्हे.

डोलीत सापडणाऱ्या मासळीत बोंबील प्रमुख. त्याच्या अंगात सुमारे ९० टक्के पाणी असल्याने तो फार लवकर नासतो. त्यावर उपाय म्हणजे ‘वलांडी’. बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात. या कामाचा मोठा भार स्त्रिया उचलतात. मीठ न लावताही ऊन व वारा यांनी बोंबील काही दिवसांत वाळतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्या पावसाळ्यात हाच सुका बोंबील घरोघर उपयोगी पडतो, आणि घाटावरच्या बाजारांतही जातो.

बर्फामुळे ताजी मासळी दूरवर नेणे सोपे झाले, तरी वलांडीची गरज संपलेली नाही. तिला ऊन, वारा आणि मोकळी जागा लागते. वाढत्या उपनगरात अशी जागा परक्याच्या दृष्टीस रिकामी भासते. ती इमारतींखाली गेली, तर उधाणात भरपूर मिळालेला बोंबील सुकविणार कोठे, हा प्रश्न उरेल. आणि जागेबरोबर ‘वलांडी’ हा शब्दही रोजच्या बोलण्यातून मागे पडेल. कोळी बोलीचे शब्द टिपणाऱ्याने त्या शब्दापुढे केवळ ‘मासे वाळविण्याची मांडणी’ एवढा अर्थ लिहून थांबू नये. तिला लागणाऱ्या जमिनीचीही नोंद त्याने करावी.