नगरहून निघालेला मुलगा आणि लाहोरचा यजमान

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आपल्यापैकी बहुतेकांना भुईकोट किल्ल्यामुळे ठाऊक असते. १९४२ नंतर मौलाना आझाद आणि पंडित नेहरू तिथे बंदिवासात होते. पण फौजेच्या दृष्टीने नगर हे रणगाड्यांचे गाव. रणगाडा दलाचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच आहे. या संस्थेत 'फामागुस्ता' नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. त्याची गोष्ट आम्हाला फौजेइतकीच एका घराची वाटते.

१९७१ साली याच संस्थेत नव्या अधिकाऱ्यांचा 'यंग ऑफिसर्स कोर्स' चालू होता. त्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. खडकवासल्याच्या एनडीएत शिकून १३ जून १९७१ ला ते पूना हॉर्समध्ये दाखल झाले. युद्धाची चिन्हे दिसू लागताच कोर्स अर्धा सोडून या मुलांना आपापल्या रेजिमेंटकडे बोलावणे आले. जाताना अरुण दिल्लीत घरी उतरले आणि पुढे जम्मूकडे गेले. सामानात गोल्फच्या काठ्याही होत्या म्हणे, लाहोरला खेळायला! एकवीस वर्षांचे वयच ते.

या घरात फौज पिढ्यान् पिढ्यांची. पणजोबा शीख फौजेतून चिलियांवाल्याला इंग्रजांशी लढले, आजोबा पहिल्या महायुद्धात होते. वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर दलात अधिकारी, पुढे ब्रिगेडियर झाले. घराणे मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते गाव पलीकडे गेले आणि कुटुंब अलीकडे आले. ज्यांच्या नात्यागोत्यात कोणी कराचीला गेले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पूना हॉर्सविषयी एक गोष्ट जाता जाता. १८५७ साली इराणात खुशाबच्या लढाईत एक निशाण हाती लागले होते. त्याच्या टोकाला चांदीचा पंजा आणि त्यावर सूरह फतहमधले शब्द. तो पंजा ही रेजिमेंट आजही आपले चिन्ह म्हणून मिरवते.

१६ डिसेंबर १९७१ ला शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी धुराच्या आडून जोरदार प्रतिहल्ला केला. मदतीची हाक आली तेव्हा अरुण आपली तुकडी घेऊन पुढे धावले. शेवटच्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार एकट्या अरुण यांनी टिपलेले. त्यांच्या रणगाड्याला आग लागली, मागे फिरण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असे सांगून त्यांनी रणगाडा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी युद्ध थांबले. दिल्लीत घरच्यांना वाटले, आता मुलगा येईल. त्यांना बातमी कळली ती २६ डिसेंबरला. पुढे मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झाले. एनडीएचे परेड मैदानही आज खेत्रपाल यांच्या नावाने ओळखले जाते.

सन्मान झाले, पण आई-बापांचे आयुष्य त्यानंतरही चालूच राहते. २००१ साली ८१ वर्षांच्या मदनलाल यांनी ठरवले की एकदा सरगोधा पाहायचे. लाहोर विमानतळावर घ्यायला निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर आले होते. मुक्काम त्यांच्याच घरी. तीन दिवस त्या घराने पाहुण्याची जी खातिरदारी केली ती नेहमीच्या मेहमाननवाजीपेक्षाही काही जास्त होती. घरचेदारचे सगळे त्यांच्यासाठी झटत होते. म्हाताऱ्याला याचे नवल वाटत होते.

शेवटच्या रात्री जेवण झाल्यावर नासेर यांनी कारण सांगितले. बसंतरला ते १३ लान्सर्समध्ये मेजर होते. अरुण यांच्या रणगाड्यासमोर शेवटी त्यांचाच रणगाडा होता आणि तो गोळा त्यांनीच डागला होता.

नासेर यांना गप्प राहता आले असते. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघणारच होता, कोणाला काही कळले नसते. पण तीन दिवस ज्याला आपल्या दस्तरखानावर जेवू घातले, त्याला हे न सांगता निरोप देणे त्यांना जमले नाही. ऐकणाऱ्या बापाची अवस्था काय झाली असेल! मुलाला मारणाऱ्याच्याच छपराखाली त्याच रात्री झोपायचे होते. दोघेही फौजी. हुकूम आणि कर्तव्य म्हणजे काय हे मदनलाल यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण बाप म्हणून तेवढ्याने भागत असेल असे आम्हाला वाटत नाही. फारसे न बोलता दोघे आपापल्या खोलीत गेले.

सकाळी एकत्र फोटो काढले गेले आणि पाहुणा दिल्लीला परतला. काही दिवसांनी नासेर यांच्याकडून फोटो आला. सोबत चार ओळी होत्या. त्यांत त्यांनी मदनलाल यांना शहीद अरुण यांचे वडील म्हणून संबोधले होते, आणि १६ डिसेंबरच्या त्यांच्या हल्ल्यापुढे हा मुलगा न हलणाऱ्या खडकासारखा उभा राहिला, असे लिहिले होते.